रुग्णालयातील संशोधनासाठी शासकीय अनुदान : खानदेशाने कोणती सिद्धता करावी?

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



रुग्णालयातील संशोधन हा विषय डॉक्टरांचा, त्यात आपणास काय करावयाचे आहे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो स्वाभाविक आहे. परंतु संशोधनाच्या सोयीसाठी अनुदान मागणाऱ्या प्रस्तावात जी माहिती लागते, तिचा निम्मा भाग महाविद्यालयाच्या इमारतीत तयार होत नाही. तो उपकेंद्राच्या नोंदवहीत, शाळेच्या हजेरीपटात आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरात असतो. आजचे माझे बोलणे या एकाच गोष्टीभोवती आहे.

प्रयोगशाळा जवळ असण्याचे मोल

प्रयोगशाळा आपल्या गावी असणे म्हणजे काय, हे खानदेशाने 2020 मध्ये प्रत्यक्ष अनुभवले. करोनाच्या साथीच्या प्रारंभी जळगाव जिल्ह्यातील संशयित रुग्णांचे नमुने तपासणीसाठी जिल्ह्याबाहेर, धुळ्यासारख्या ठिकाणी, पाठवावे लागत होते. अहवाल येईपर्यंत रुग्णाला कोठे ठेवावे, त्याच्या घरच्यांना काय सांगावे, गावाच्या सीमेवर कोणाला थांबवावे, हे सारे निर्णय अधांतरी राहत. पुढे जळगावातच तपासणी होऊ लागली आणि हा ताण हलका झाला.

धुळ्याला हे काम करता आले, याचे कारण तेथे आधीपासून काही घडलेले होते. तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय पूर्वीच सुरू झालेले होते. आज ते श्री भाऊसाहेब हिरे यांच्या नावाने ओळखले जाते. सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग, शिकलेली माणसे आणि काम करण्याची सवय ही तीन दशकांची कमाई होती. जळगावचे शासकीय महाविद्यालय 2018 मध्ये, तर नंदुरबारचे 2020 मध्ये सुरू झाले. तात्पर्य हे की, संकट दारात आल्यावर यंत्र विकत घेता येते. ते चालविणारा हात मात्र आधीच तयार असावा लागतो.

शासनाच्या योजनांचे स्वरूप

केंद्र शासनाने 2007 साली आरोग्य मंत्रालयात आरोग्य संशोधनाचा स्वतंत्र विभाग निर्माण केला. या विभागाने 2013 पासून तीन प्रकारच्या सोयींसाठी साहाय्य देण्यास आरंभ केला. पहिली सोय शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील बहुविद्याशाखीय संशोधन केंद्राची. दुसरी ग्रामीण भागातील आदर्श आरोग्य संशोधन केंद्राची. तिसरी विषाणू संशोधन व निदान प्रयोगशाळांच्या जाळ्याची. या जाळ्याची आखणी 10 प्रादेशिक, 30 राज्यस्तरीय आणि 120 महाविद्यालयस्तरीय अशा 160 प्रयोगशाळांची होती.

पहिल्या योजनेची आकडेवारी बोलकी आहे. एका महाविद्यालयासाठी एकवेळचे साहाय्य 5 कोटी 25 लाख रुपये ठरविण्यात आले. त्यांपैकी 5 कोटी यंत्रसामग्रीसाठी आणि केवळ 25 लाख बांधकामासाठी. याचा अर्थ काय? पंचवीस लाखांत खोल्यांची दुरुस्ती व अंतर्गत बदल होतील; नवी इमारत उभी राहणार नाही. म्हणजे छप्पर, पाणी आणि वीज ही अर्जदाराने आधीच दाखवावयाची गोष्ट आहे. ग्रामीण केंद्राच्या योजनेतही जागा राज्याने द्यावयाची असते. प्राथमिक आरोग्य केंद्र वा ग्रामीण रुग्णालयाशी अशा केंद्राचा जोड असतो आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची एखादी संस्था त्यास मार्गदर्शन करते. पालघर जिल्ह्यातील डहाणू येथे असे केंद्र आहे; आदिवासी भागातील सर्पदंशाच्या प्रश्नावर तेथून झालेले काम आपल्या सातपुड्याच्या पट्ट्याने अवश्य पाहावे.

योजनांच्या अटी व रकमा काळानुसार बदलतात. म्हणून अर्ज करतेवेळी त्या वर्षीच्या मार्गदर्शक सूचना प्रथम मिळवाव्यात. खाजगी वा न्यासाच्या रुग्णालयांना पहिली योजना लागू नाही. त्यांनी केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची मान्यता मिळवून परिषदेच्या प्रकल्प-अनुदानाचा मार्ग धरावा.

आधी प्रश्न, मग यंत्र

अनेक प्रस्तावांचा आरंभ यंत्रांच्या यादीने होतो. वस्तुतः अनुदान देणारी समिती पहिला प्रश्न विचारते तो असा : या जिल्ह्यातील कोणत्या दुखण्याचे उत्तर आपणास शोधावयाचे आहे?

या संदर्भात डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे उदाहरण प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावण्याजोगे आहे. महाड तालुक्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करीत असताना त्यांनी लाल विंचवाच्या दंशाने अत्यवस्थ झालेल्या रुग्णांच्या खाटेजवळ बसून लक्षणांच्या नोंदी ठेवल्या. 1982 साली त्यांचे निरीक्षण लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्राझोसिन या औषधाच्या उपयोगाबद्दलचे लेखन 1986 साली तेथेच आले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आरंभी त्यांच्यापाशी मोठी प्रयोगशाळा नव्हती. होता तो नेमका प्रश्न आणि नीट ठेवलेली नोंद. प्रयोगशाळा नको, असा याचा अर्थ मुळीच नाही. प्रश्न व नोंद यांच्या पायावर मागितलेली प्रयोगशाळा टिकते, एवढाच याचा अर्थ.

खानदेशापुढे असे प्रश्न थोडे नाहीत. कापसाच्या शेतात फवारणी करताना होणारी विषबाधा आहे, सर्पदंश आहे. मी येथे सिकलसेलचे उदाहरण घेतो. रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होणे, हा या आनुवंशिक विकाराचा गाभा. सातपुड्याच्या दोन्ही अंगांच्या आदिवासी वस्त्यांत तो आढळतो. माता व पिता दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्य रुग्ण असण्याची शक्यता शेकडा 25 आणि वाहक असण्याची शेकडा 50 असते. केंद्र शासनाने 1 जुलै 2023 रोजी या विकाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन ही त्याची उद्दिष्टे आहेत.

आता दोन प्रस्तावांची तुलना करा. एक म्हणतो, ‘आमच्या महाविद्यालयास रक्त-तपासणीचे अत्याधुनिक यंत्र मिळावे.’ दुसरा म्हणतो, ‘चोपडा, यावल, रावेर व शिरपूर या तालुक्यांतील अमुक इतक्या गावांत मागील तीन वर्षांत प्राथमिक चाचणी झाली. त्यांपैकी इतक्या जणांची निश्चित निदानाची चाचणी वेळेत होऊ शकली नाही. ती का झाली नाही आणि झाल्यास रुग्णालयात येण्याची पाळी किती कमी होईल, हे आम्हांस पाहावयाचे आहे.’ दुसऱ्या प्रस्तावातील आकडे आरोग्यसेविकेच्या वहीतून आले आहेत. ती वही अपुरी असेल, तर राजधानीतील कोणताही तज्ज्ञ ती भरून काढू शकणार नाही.

प्रस्तावाचे अन्य आधार

प्रश्नाखालोखाल मनुष्यबळाचे महत्त्व. संशोधन शास्त्रज्ञ, तंत्रज्ञ, माहिती नोंदविणारा कर्मचारी यांची नेमणूक कशी व्हावयाची आणि अनुदानाची मुदत संपल्यावर त्यांच्या वेतनाचे काय, याचे उत्तर प्रस्तावातच असावे. महाविद्यालय, राज्य शासन व केंद्रीय विभाग यांच्यात करार व्हावयाचा असल्याने राज्याची संमती ही औपचारिक बाब मानू नये. तीस वेळ लागतो.

यंत्राच्या किमतीबरोबर त्याचे रसायन, देखभाल व वीज यांचाही हिशेब मांडावा. जळगाव-भुसावळचा उन्हाळा आपणास ठाऊकच आहे. तपासणीची पुष्कळशी रसायने 2 ते 8 अंश सेल्सियस तपमानात ठेवावी लागतात. दीर्घकाळ जपावयाचे नमुने तर उणे 80 अंशांत ठेवतात. मे महिन्याच्या दुपारी चार तास वीज गेली आणि जनित्र सुरू झाले नाही, तर दोन वर्षांचे काम एका दिवसात वाया जाईल. विकत घेतलेली यंत्रे जागेअभावी वा तंत्रज्ञाअभावी पेटीतच पडून राहिल्याचे शेरे लेखापरीक्षणाच्या अहवालांत वारंवार वाचावयास मिळतात. असा प्रत्येक शेरा पुढच्या अर्जाच्या वाटेत उभा राहतो.

हिशेबाच्या बाबतीत 2017 चे सर्वसाधारण वित्तीय नियम स्पष्ट आहेत. आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत विनियोग प्रमाणपत्र द्यावे लागते. ते न गेल्यास पुढचा हप्ता अडतो. हप्ता अडला की तंत्रज्ञाचे वेतन थांबते आणि शिकलेला तंत्रज्ञ दुसरीकडे निघून जातो. म्हणून लेखा शाखेतील कर्मचाऱ्यास प्रस्तावाच्या पहिल्या बैठकीपासून सोबत घ्यावे.

संमती व गुप्तता

माणसांवरील संशोधनास संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता अनिवार्य आहे. 2019 च्या नियमांनुसार या समितीची नोंदणी आरोग्य संशोधन विभागाकडे व्हावी लागते. नोंदणीकृत समिती नसेल, तर उत्तम प्रस्तावही पुढे सरकत नाही.

येथे शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरते. शाळेतील मुलाचे रक्त संशोधनासाठी घ्यावयाचे तर पालकांची संमती लागतेच; शिवाय सात वर्षांवरील मुलाला समजेल अशा भाषेत सांगून त्याचाही होकार घ्यावयाचा असतो. ही समजूत पावरा किंवा भिल्ल वस्तीत तेथल्या बोलीत कोण घालणार? मुलांचा विश्वास ज्याने मिळविला आहे, तो शिक्षकच. मात्र चाचणीचा निकाल वर्गात वाचून दाखविणे, यादी फळ्यावर लावणे हे कदापि घडू नये. एखादी मुलगी वाहक आहे हे गावभर झाले, तर तिच्या विवाहाची वाट बंद होऊ शकते. वस्तुतः वाहक व्यक्ती बहुधा निरोगी आयुष्य जगते. एका गावात असा विश्वास मोडला की शेजारची दहा गावे तपासणीस नकार देतात.

आपले काम

पंचायत सदस्यांना माझी विनंती आहे की, जन्म-मृत्यूची नोंद वेळेवर व कारणासह होते की नाही, हे दर महिन्याच्या सभेत पाहावे. ‘ताप आला व वारला’ एवढ्या शब्दांतून कोणतेही शास्त्र पुढे जात नाही. ग्रामीण रुग्णालयाजवळ योग्य जागा असेल, तर तिचे कागदपत्र निर्वेध करून ठेवावेत. ग्रामसभेत संशोधनाचा हेतू विचारावा आणि निष्कर्ष गावास कळविण्याचे वचन मागून घ्यावे. तो आपला अधिकार आहे.

अधिकारी मित्रांनी आरोग्य, आदिवासी विकास व शिक्षण या खात्यांतील आकडे एका ठिकाणी आणण्याची व्यवस्था करावी. आज एकाच गावाची लोकसंख्या तीन खात्यांच्या तीन कागदांवर तीन प्रकारची आढळू शकते, आणि परीक्षकाचे लक्ष प्रथम तेथेच जाते. जळगावला 1990 पासून विद्यापीठ आहे. त्यातील सांख्यिकी व जीवशास्त्र विभागांचे साहाय्य महाविद्यालयांनी प्रस्तावाच्या आरंभीच घ्यावे. धुळे, जळगाव व नंदुरबार या तीन महाविद्यालयांनी परस्परांशी स्पर्धा करण्यापेक्षा कामाची वाटणी केली, तर तापीखोऱ्याचा प्रश्न एकसंध स्वरूपात मांडता येईल. विकाराला जिल्ह्याच्या सीमा ठाऊक नसतात.

अर्ज मंजूर होणे न होणे पुष्कळ गोष्टींवर अवलंबून असते. पण त्यासाठी ठेवलेली नोंद, मोकळी केलेली जागा आणि गावकऱ्यांचा मिळविलेला विश्वास अर्ज नामंजूर झाला तरी वाया जात नाही. पुढच्या वर्षीचा अर्ज त्यावरच उभा राहतो. येत्या सोमवारी आपापल्या उपकेंद्राची नोंदवही उघडून पाहावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.