लहरी कोणाच्या, लिलाव कोणाचा?



तानसा-भातसाचे पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईला जाते. निसर्गाच्या देणगीवर पहिला अधिकार कोणाचा, हा प्रश्न कसाऱ्याच्या श्रोत्यांना समजावून सांगावा लागत नाही. आकाशातील प्रक्षेपणलहरींचेही तसेच आहे.

1993 मध्ये बंगाल क्रिकेट संघटनेने हीरो चषकाचे प्रक्षेपण परदेशी कंपनीकडे सोपविले आणि दूरदर्शनशी वाद पेटला. 9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला : लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांवर सरकारचीही मक्तेदारी नाही. क्रिकेटचा बाजार खऱ्या अर्थाने खुला झाला तो येथून.

तो बाजार कोठवर गेला? जून 2022 च्या ई-लिलावात आयपीएलचे पाच वर्षांचे हक्क 48,390 कोटी रुपयांना गेले. दूरचित्रवाणी डिस्ने स्टारकडे गेली, तर इंटरनेट व्हायाकॉम 18 कडे. या चढाओढीनेच बोली चढली. मात्र नोव्हेंबर 2024 मध्ये दोघांचे व्यवसाय एकत्र आले. स्पर्धकच एक झाले, तर पुढील बोली कोणाविरुद्ध लागणार? आणि दिलेली किंमत वसूल होणार ती वर्गणीतून व जाहिरातींतूनच.

2007 च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे बंधनकारक केले. परंतु ते दूरदर्शनच्या मनोऱ्यांपुरते आणि डीटीएचपुरते आहे. मोबाइलच्या पडद्यापर्यंत ते संरक्षण पोहोचत नाही.

लिलाव अवश्य व्हावा. पण लहरींचा मूळ मालक घाटातल्या पाड्यावरचा प्रेक्षकही आहे, याचे विस्मरण होता कामा नये.