रॅकेटची मूठ आणि हाताचें माप



जोडा घेतांना मापाची चौकशी न करणारा मनुष्य विरळा. पण रॅकेट घेतांना तिच्या मुठीचा घेर विचारणारा मनुष्यहि तितकाच विरळा. घराघरांतून थोरल्या भावाची रॅकेट धाकट्या बहिणीकडे येते. तारा नव्या बसवितात, मूठ मात्र तीच राहते. मग चार महिन्यांनीं 'हिला खेळ जमत नाहीं' असा निकाल लागतो. आणि तो पुष्कळदां मुलीविरुद्ध नव्हे, तर मुठीविरुद्ध लागावयास हवा असतो.

मुलांच्या रॅकेटी सोडल्यास टेनिसच्या मुठीचा घेर साधारणतः ४ इंचांपासून ४ ५/८ इंचांपर्यंत असतो. एका मापांत व पुढच्या मापांत अंतर अवघें १/८ इंचाचें, म्हणजे सुमारें ३ मिलिमीटरांचें. या मापांना ० ते ५ असे क्रमांक आहेत. क्रमांक वाढला कीं मूठ जाड. बॅडमिंटनमध्यें गंमत अशी कीं, योनेक्ससारख्या जपानी कंपनीच्या रॅकेटींवर हा हिशेब उलटा चालतो. तेथें जी-४ पेक्षां जी-५ ची मूठ बारीक. एका खेळाचा आंकडा दुसऱ्या खेळाच्या दुकानांत सांगणारा हटकून फसतो.

टेनिससाठीं हात मोजणें सोपें आहे. बोटें जुळवून तळहात उघडा धरावा. ज्योतिषी जिला मस्तकरेषा म्हणतात, त्या मधल्या रेषेपासून अनामिकेच्या टोकापर्यंत मोजपट्टी लावावी. येईल तें अंतर हाच मुठीचा अदमासें घेर. (त्या रेषेचा एवढा उपयोग तरी निर्विवाद आहे!) पडताळा पाहण्यासाठीं रॅकेट नेहमींप्रमाणें धरावी. बोटांचीं टोकें व आंगठ्याखालचा मांसल भाग यांमध्यें दुसऱ्या हाताची तर्जनी नीट बसली, कीं माप बरोबर. ती शिरतच नसेल तर मूठ बारीक. दोन्ही बाजूंस मोकळी राहिली तर जाड.

मूठ फार बारीक असली आणि चेंडू तारांच्या मध्यावर न लागतां कडेला लागला, कीं रॅकेट हातांत फिरूं पाहते आणि खेळाडू ती आवळून धरतो. फार जाड असली तर मनगट अडतें. बॅडमिंटनमध्यें तर फटक्याच्या क्षणीं बोटें आवळून वेग द्यावयाचा असतो. त्यासाठीं बोटांना वाव हवा, म्हणून तेथें बारीक मुठीकडे कल असतो. तथापि कोपरदुखीचें सारें खापर मुठीवर फोडणें रास्त नव्हे. २००६ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत महाविद्यालयीन टेनिसपटूंना योग्य मापाहून पाव इंच जाड व पाव इंच बारीक मुठी देऊन पाहिलें. बॅकहँडच्या वेळीं हाताच्या स्नायूंच्या कार्यांत लक्षणीय फरक आढळला नाहीं. अर्थात् हे खेळाडू निरोगी व मुरलेले होते, हेंहि ध्यानांत ठेवावें.

आतां दुरुस्तीकडे वळूं. बारीक मूठ जाड करणें स्वस्त आहे. ओव्हरग्रिपचा एक वेढा दिला कीं घेर सुमारें १/१६ इंचानें वाढतो. पण एकावर एक तीन-चार वेढे देऊं नयेत. मूठ अष्टकोनी असते ती शोभेसाठीं नव्हे. रॅकेटचें तोंड कोणीकडे आहे हें त्या कडाच हाताला न पाहतां सांगतात. पट्ट्यांखालीं कडा बुजल्या, कीं हात आंधळा होतो. शिवाय वजन मुठीकडे सरकून पुढचा भाग हलका वाटूं लागतो. एक पूर्ण माप वाढवावयाचें असल्यास उष्णतेनें आकसणारी नळी मुठीवर बसवून घ्यावी. तिनें कडा बऱ्याच अंशीं राहतात.

जाड मूठ बारीक करणें मात्र कठीण. मूळची पट्टी काढून पातळ पट्टी गुंडाळली तर थोडेंसें साधतें. लांकडी रॅकेटींच्या काळीं मूठ रंधून घेतां येत असे. आजच्या टेनिस रॅकेटची सांच्यांतून निघालेली मूठ तासूं जावें तर ती बिघडावयाचीच. म्हणून दोन मापांत मन घुटमळलें, तर लहान माप घ्यावें. राफाएल नदालसारखा बलदंड खेळाडूदेखील सव्वाचार इंचांच्या मुठीनेंच खेळला.

मुंबई-कोंकणच्या दमट हवेंत घामाचा प्रश्न निराळा. तेथें टॉवेलच्या कापडाची पट्टी घाम शोषते, पण ती जाड असते. तेव्हां मुळांतच मूठ एक माप बारीक निवडावी. पट्टी बुडाकडून वर, ताणून गुंडाळावी. आणि वाढत्या वयाच्या मुलांचा हात दरवर्षीं, शाळा सुरू होतांना गणवेशाचें माप घेतात त्याच दिवशीं, मोजून ठेवावा.