हजार विटा आणि एक दिवस



पावसाळा सरला की पेण आणि रोहे या आपल्या दोन्ही तालुक्यांत कातकरी वाड्यांवरची घरे एकामागून एक बंद होऊ लागतात. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. त्यांच्या मजुरीसाठी कायदा आहे. तो पाळला जातो की नाही हे ठरवावयाचे कसे, हा माझा आजचा विषय. हा प्रश्न प्रथम मोजणीचा आहे असे माझे म्हणणे आहे. म्हणून आरंभी एका अवघड मोजणीची हकीकत सांगतो.

आकाशातून पृथ्वीवर अखंड विश्वकिरण येत असतात. एखादा प्रबळ कण हवेवर आदळला की त्यातून दुसरे कण, त्यांतून तिसरे, असा कोट्यवधी कणांचा वर्षाव होतो. या वर्षावाची उपपत्ती १९३७ साली मांडणाऱ्यांत आपले होमी भाभा होते. वर्षाव जाताना हवेतील नायट्रोजन किंचित चमकतो. ही चमक बहुतांशी जंबुपार, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी. पण दुर्बिणी ती टिपतात. १५ ऑक्टोबर १९९१ रोजी अमेरिकेत यूटा येथे अशाच चमकेवरून एक कण सापडला. त्या एका कणाची ऊर्जा ताशी ९० किलोमीटर वेगाने फेकलेल्या क्रिकेटच्या चेंडूइतकी भरली!

पण दुर्बिणीला दिसतो तो उजेड. शास्त्रज्ञांना हवी असते ऊर्जा. अमुक ऊर्जेला किती उजेड पडतो, हे कोष्टक आधी प्रयोगशाळेत बसवावे लागते. हवेचा दाब, उष्णता, इतकेच काय पण दमटपणाही त्यात धरावा लागतो, कारण बाष्पाने चमक मंदावते. एकेकाळी निरनिराळ्या प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी जुळत नसत. पुष्कळ खटपटीनंतर, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत अनिश्चितता सुमारे ४ टक्क्यांवर आली. कोष्टक चुकले तर दुर्बीण कितीही उत्तम असो, प्रत्येक उत्तर एकाच बाजूला चुकते. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

आता भट्टीवर या. येथे मजुरी हजारी ठरते, म्हणजे हजार विटांना अमुक रुपये. कायदा मात्र दिवसाची किमान मजुरी सांगतो. डोळ्यांपुढे आहेत विटा, आणि हवा आहे दिवस! मधले कोष्टक कोठे आहे? समजा, हजार विटा पाडण्यास नवराबायकोला दहा तास लागले. दोघांचे मिळून वीस तास. आठ तासांचा दिवस धरला तर ते अडीच दिवसांचे काम झाले. हजारी दर अडीच दिवसांच्या किमान मजुरीहून कमी असेल, तर कायदा मोडला. जादा तासांचा जादा दर यात अजून धरलेलाच नाही. परंतु वहीत सहसा एकट्या नवऱ्याचे नाव असते. चिखल तुडविणारी, विटा उलथणारी बायको हिशेबात दिसत नाही. अवकाळी पावसाने कच्च्या विटा विरघळल्या तर त्या गणतीतून जातात. गेलेला दिवस मात्र परत येत नाही.

अंगावरच्या कामाला दिवसाच्या किमान दराहून कमी देता येणार नाही, हे तत्त्व १९४८ च्या किमान वेतन कायद्यात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली आहे. तत्त्व तेच आहे. १९८२ साली, आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनाहून कमी देऊन राबविणे ही घटनेने निषिद्ध केलेली सक्तीची मजुरीच होय. आणि पावसाळ्यात दिलेली उचल फेडण्यासाठी कुटुंब बांधून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. हे कर्ज वेठबिगारीचे नव्हे, हे सिद्ध करण्याचा भारही त्या कायद्याने सावकारावर टाकला आहे.

भट्टीवाला म्हणेल, "आषाढात घरात दाणा नसतो तेव्हा बयाणा मीच देतो, आणि पाऊस माझेही नुकसान करतो." त्यात तथ्य आहे. अडल्या वेळी दिलेला पैसा परत मागू नये असे कोणी म्हणत नाही. पण त्या पैशाच्या जोरावर दर ठरवावयाचा, गणती आपणच करावयाची आणि हंगामाच्या शेवटी हिशेबही आपणच सांगावयाचा, हे तिन्ही अधिकार एकाच हाती असू नयेत.

मग मोजावे कोणी? सरकारी निरीक्षक येतो तो दिवसा, क्वचित; भट्टीचे काम सुरू होते पहाटेच्या अंधारात. येथे पुन्हा शास्त्रज्ञांकडून शिकण्यासारखे आहे. अर्जेंटिनातील मोठ्या वेधशाळेत या दुर्बिणी केवळ निरभ्र, चांदणे नसलेल्या रात्रीच चालतात. म्हणून जवळजवळ ३,००० चौरस किलोमीटर माळावर पाण्याच्या दीड हजारांहून अधिक टाक्या मांडल्या आहेत. त्या अहोरात्र कणांची नोंद ठेवतात. दुर्बिणीच्या थोड्या रात्री त्या नोंदींचे माप पक्के करतात.

आपल्याकडेही असेच व्हावयास हवे. निरीक्षकाने हंगामाच्या आरंभी हजार विटांना किती माणसांचे किती तास लागतात हे प्रत्यक्ष मोजून तो आकडा भट्टीवर लावावा. रोजची नोंद मात्र मजुरापाशीच राहावी: माणसे किती, तास किती, विटा किती, खर्ची किती. लिहिता न येणाऱ्याला वही लिहून देणे शिक्षकाला, विद्यार्थ्याला, तुम्हांआम्हांला अशक्य आहे काय? वेठबिगारीच्या कायद्याने जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समित्या सांगितल्या आहेत. त्यांत समाजकार्यकर्त्यांना आणि अनुसूचित जातिजमातींच्या माणसांना जागा आहे. आपल्या उपविभागाची समिती केव्हा बसते, एवढे विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे.

आपल्याच जिल्ह्यातील गोरेगावचे नारायण मल्हार जोशी १९१९ साली वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते. त्या परिषदेचा पहिला ठराव कामाच्या तासांविषयीचा होता. शंभरांहून अधिक वर्षे लोटली. गोरेगावापासून दूर नसलेल्या आपल्या वाड्यांतल्या माणसांचे तास अजून कोणी मोजलेले नाहीत. येत्या दिवाळीला वाडीतून गाडी निघेल, तेव्हा प्रत्येक कुटुंबाच्या गाठोड्यात एक कोरी वही असावी, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.