अभ्यासक्रमाची निवड : सत्कारानंतरचा पंधरवडा

(ज्ञातीच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आज ज्या मुलामुलींचा गौरव झाला त्यांचे अभिनंदन अध्यक्षांनी यथोचित शब्दांत केलेच आहे. त्याची पुनरुक्ती आम्ही करीत नाही. आम्हांस बोलावयाचे आहे ते या सत्कारानंतरच्या पंधरवड्याविषयी. गुणपत्रिका हाती पडली की घरात एकच धांदल उडते. मामा एक सुचवितो, आत्याचे यजमान दुसरे, शेजारचा मुलगा तिसऱ्याच ठिकाणी गेलेला असतो. आणि या गलबल्यात मुलाच्या पुढल्या चाळीस वर्षांच्या उपजीविकेचा निकाल लागतो. आपण बैल घेताना त्याचे दात पाहतो, सोयरीक जुळविताना चार गावी चौकशी करतो. परंतु ज्या अभ्यासक्रमावर काही लाख रुपये आणि तारुण्याची चार वर्षे घालावयाची, त्यात शिकवितात काय, एवढेही आपल्यापैकी किती जण विचारतात?

आपल्या वाडवडिलांपुढे हा प्रश्न नव्हता. सुताराच्या मुलाच्या हाती रंधा आणि लोहाराच्या मुलाच्या हाती भात्याची दोरी ठरलेलीच होती. निवड करण्याचा अधिकार आपल्या ज्ञातीस मिळून दोन-तीन पिढ्याच झाल्या. त्यामुळे या बाबतीत घरात कोणा जाणत्यास विचारावे, तर पुष्कळदा तसा जाणता घरात नसतोच. यात लाज वाटण्याजोगे काही नाही. मात्र ती उणीव गर्दीच्या मागे जाऊन भरून निघत नाही.

गर्दीच्या मागे गेल्याने काय होते ते आमच्याच व्यवसायात आम्ही पाहिले. आम्ही मॅट्रिक होऊन अध्यापनाची पदविका घेतली, तेव्हा ती नोकरीची हमीच होती. ही हमी लोकांच्या मनात इतकी ठसली की, या शतकाच्या पहिल्या दशकात तालुक्यातालुक्यांतून अध्यापक विद्यालये निघाली, आणि पालकांनी कर्ज काढून, प्रसंगी शेत गहाण टाकून मुलांना तेथे घातले. पुढे काय झाले? 2009 चा शिक्षणहक्क कायदा 2010 साली अमलात आला आणि पदविकेवर पात्रता परीक्षेची भर पडली. महाराष्ट्रात ती 2013 साली प्रथम झाली. त्याआधीच 2012 साली शिक्षकभरतीवर निर्बंध आले होते. इंग्रजी माध्यमाच्या ओढीने मराठी शाळांचा पट घटत होता, तो निराळाच. हजारो पदविकाधारक बेकार राहिले आणि कित्येक अध्यापक विद्यालयांना टाळे लागले. पट घटतो आहे हे शाळेच्या हजेरीपटावर कोणासही दिसत होते. परंतु पालक शाळेत येऊन विचारीत ते प्रवेश कोठे मिळेल एवढेच. आज संगणक शाखेच्या बाबतीत हाच उत्साह आम्ही पाहतो. ती शाखा वाईट असे आमचे म्हणणे नाही. परंतु 'आज मागणी आहे' हे कारण पुरेसे नव्हे. आज प्रवेश घेणारा मुलगा चार वर्षांनी बाहेर पडावयाचा आहे, आणि त्याच्याबरोबर त्याच मागणीकडे पाहून आलेले इतरही बाहेर पडावयाचे आहेत.

खरी निवड बारावीनंतर होते असा समज आहे. वस्तुतः ती पुष्कळशी अकरावीतच होऊन जाते. गणिताची भीती वाटते म्हणून ते सोडले की अभियांत्रिकी आणि वास्तुशास्त्र ही दोन दारे बहुधा बंद होतात. जीवशास्त्र सोडले की वैद्यकाचे दार बहुधा बंद. याउलट, जी दारे मुळीच बंद नसतात ती बंद आहेत असे समजून लोक बसतात. सनदी लेखापाल होण्यासाठी वाणिज्य शाखाच हवी असे नाही. विधीच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमास कोणत्याही शाखेचा बारावी उत्तीर्ण विद्यार्थी जाऊ शकतो. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथे चार कृषि विद्यापीठे आहेत. त्यांच्या पदवीचा विचार शेती असलेल्या घरांतूनही क्वचितच होतो. तेव्हा चौकशीस आरंभ नववीत व्हावा, दहावीच्या निकालानंतर नव्हे.

आता थोडे आपल्या ज्ञातीस जवळच्या गोष्टीविषयी. ज्या हातांनी पिढ्यान् पिढ्या नांगर, रथ आणि देवळांची दारे घडविली, त्यांच्याच घरात आज 'आय.टी.आय.' हा शब्द नापासाला तोंड लपविण्याची जागा म्हणून उच्चारला जातो, याचे आम्हांस मनस्वी वाईट वाटते. फिटर, टर्नर, वीजतंत्री यांपैकी दोन वर्षांचा व्यवसाय चांगल्या रीतीने पुरा करणाऱ्यास 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यान्वये कारखान्यात विद्यावेतनावर काम शिकता येते. त्याला पुढे शिकावयाचे असेल तर तंत्रनिकेतनाच्या पदविकेस थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहे, आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्याही थेट दुसऱ्या वर्षात. वाट लांबची खरी. परंतु तीत प्रत्येक टप्प्यावर हाती काही कसब असते, आणि मध्येच घरावर प्रसंग ओढवला तरी मुलगा रिकाम्या हाताने परतत नाही. ज्याचे हात चालतात आणि पुस्तकावर मन बसत नाही, अशा मुलास केवळ प्रतिष्ठेपायी विज्ञान शाखेत बसविणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

संस्थेची चौकशी कशी करावी? प्रथम मान्यता. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो, ती पाहावी. औषधनिर्माण, परिचर्या, वास्तुशास्त्र, विधी यांना आपापल्या परिषदांची मान्यता लागते. ती नसेल तर पदवी भिंतीवर लावण्यापुरती. दुसरे शुल्क. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते आणि ते आकडे पाहावयास मिळतात; त्याहून अधिक मागणारास पावती मागावी, म्हणजे बोलणे लवकर आटोपते. तिसरे नोकऱ्या. फलकावर सर्वांत मोठ्या पगाराचा आकडा असतो. तो एका मुलाचा असतो. उरलेल्यांचे काय, ते विचारावे. किती मुले उत्तीर्ण झाली, किती जणांना काम मिळाले, आणि त्यांना पगाराच्या क्रमाने उभे केले तर मधोमध उभ्या असलेल्याचा पगार किती? राष्ट्रीय मानांकनात भाग घेणाऱ्या संस्थांना हा मधला आकडा द्यावाच लागतो. सर्वांत उत्तम म्हणजे कामाच्या दिवशी, न कळविता तेथे जावे. प्रयोगशाळेस कुलूप आहे की नाही हे पाहावे आणि तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना चहा पाजावा. माहितीपुस्तिकेत नसते ते तेथे कळते.

केंद्रीभूत प्रवेशाचा पसंतीक्रम भरताना पहिल्या क्रमांकावर जे लिहाल ते मिळाले तर घ्यावेच लागते, न घेतल्यास पुढील फेऱ्यांतून बाहेर पडावे लागते. म्हणून तो अर्ज पोराने एकट्याने किंवा बापाने एकट्याने भरू नये. राखीव जागेवर जाणाऱ्यांनी जातपडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीतच महाविद्यालयामार्फत जिल्हा समितीकडे द्यावा. आजोबांच्या शाळेचा दाखला शोधण्यात महिने जातात, आणि तारखेपूर्वी प्रमाणपत्र न आल्यास मिळालेली जागा हातची जाते.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट पुष्कळ घरांत अद्याप पोहोचलेली नाही. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत आहे अशा इतर मागासवर्गीय, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना, 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क माफ आहे. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा, व्यवस्थापनाच्या कोट्यातून नव्हे. 'मुलीवर एवढा खर्च कशाला' असे म्हणणाऱ्यांनी आता दुसरे कारण शोधावे! वसतिगृहाचा खर्च राहतो, हे खरे. त्यासाठी बँकेचे कर्ज काढताना हप्ते अभ्यासक्रमानंतर साधारण वर्षभराने सुरू होतात हे सर्वांस ठाऊक असते. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढते हे कागदावर सही करताना कोणी पाहत नाही.

आणि सरतेशेवटी मुलास विचारावे. राज्यात 2016 साली दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी सुरू झाली होती. तशा चाचण्या उपयोगी आहेत, परंतु आईच्या निरीक्षणाची सर त्यांना येत नाही. सुटीत न सांगता मुलगा काय करीत बसतो, हे आईस ठाऊक असते. परंतु निर्णयाच्या बैठकीत तिला चहा करण्यास आत पाठविले जाते. एखादा मुलगा चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत उत्तम श्रेणी मिळवितो, आणि आपण त्या प्रमाणपत्राकडे दहावीच्या वाढीव गुणांपुरतेच पाहतो. मुंबईचे सर ज. जी. कला महाविद्यालय 1857 पासून उभे आहे; तेथे जाण्याचा विचारसुद्धा या मुलाच्या घरात होत नाही.

आता संस्थेच्या चालकांपुढे एक सूचना ठेवून आम्ही आपली रजा घेतो. आज या सभागृहात अभियंते, परिचारिका, लेखापाल, तलाठी, कारखानदार आणि फौजदार बसले आहेत. कार्यालयात एक वही ठेवावी. प्रत्येकाने तीत आपले नाव, आपण काय शिकलो, त्यास किती वर्षे व किती खर्च लागला आणि आता प्रत्यक्ष काम काय करतो, हे चार ओळींत लिहावे. महिन्यातून एका रविवारी तासभर मुलांशी बोलण्याची तयारी असल्यास तसेही नोंदवावे. वही आम्ही आणली आहे. ती दारापाशी भोजनाच्या पंक्तीकडे जाण्याच्या वाटेवरच ठेविली आहे, म्हणजे कोणाची चुकणार नाही.