तिजोरीची किल्ली
(वसंत व्याख्यानमालेत गोदाघाटावर दिलेलं व्याख्यान)



ही व्याख्यानमाला १९२२ ची. आपण जिथं बसलो आहोत, त्या जागेला सगळं नाशिक यशवंतराव महाराज पटांगण म्हणतं. रिक्षावाल्याला सांगितलं तरी तो पुढचं काही विचारत नाही. पण हे महाराज कुणी मठाधिपती नव्हते, कीर्तनकारही नव्हते. ते सरकारी नोकर होते. आज त्यांच्याच अंगणात बसून त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

यशवंत महादेव भोसेकर यांचा जन्म १८१५ चा, पुण्याचा. कारकुनीपासून सुरुवात करून ते मामलेदार झाले आणि बागलाणात सटाण्याला आले. नाशिक जिल्हा तेव्हा नुकताच, १८६९ मध्ये, झाला होता. मामलेदार म्हणजे तालुक्यापुरतं सरकारच. सारा वसूल करायचा, किरकोळ खटले चालवायचे आणि कचेरीतल्या तिजोरीचा पै न् पैचा हिशेब द्यायचा. लोकांकडून घेणं हे त्याचं काम. लोकांना देण्याचं कलम त्याच्या कामात नव्हतं.

आणि १८७०-७१ मध्ये दुष्काळ पडला. कचेरीच्या दारात माणसं सारा भरायला येईनात, भाकरी मागायला येऊ लागली. यशवंतरावांनी आधी घरातलं होतं नव्हतं ते दिलं. ते किती पुरणार? मग त्यांनी सरकारी तिजोरी उघडली. बागलाणात आजही आकडा सांगतात: १ लाख २७ हजार रुपये. त्या काळातले.

पुढची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. वरिष्ठांकडे चुगली गेली, तपासणी आली, तिजोरी उघडली, तर रक्कम जशीच्या तशी! लोकांनी मामलेदाराला देव केलं. देवमामलेदार. १८८७ मध्ये इथं नाशिकला त्यांनी देह ठेवला. सटाण्यात त्यांचं मंदिर आहे आणि मार्गशीर्षात मोठी यात्रा भरते.

मंडळी, कुणाच्या श्रद्धेला हात लावायला मी उभा नाही. पण एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. तिजोरी परत भरली, हा चमत्कार आपण इतक्या प्रेमानं सांगतो की तिजोरी रिकामी करण्याचा क्षण त्यात झाकला जातो. तो क्षण डोळ्यांसमोर आणा. बाहेर माणसं बसली आहेत. आत कारकून खाली मान घालून उभा आहे. मामलेदारानं कमरेची किल्ली काढली, कुलपात घातली आणि फिरवली. त्या घटकेला त्याला पुढच्या चमत्काराची खात्री नव्हती. ठाऊक होतं ते एवढंच, की नोकरी जाईल, बेड्याही पडतील. औदार्य जे काही आहे, ते त्या किल्लीच्या एका फेऱ्यात आहे.

त्या काळात सरकारी औदार्याची काय गत होत असे, तेही पाहा. १८७३-७४ मध्ये बिहारात दुष्काळ पडला. ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला, हात सैल सोडून मदत केली. भूकबळी फारच थोडे झाले. शाबासकी मिळाली का? उलट उधळपट्टी केली म्हणून बोल लागला. साहेबांनी धडा घेतला. १८७६-७८ मध्ये दख्खन आणि मद्रासेकडचा मोठा दुष्काळ आला, तेव्हा याच टेंपल साहेबांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी ठरवली: दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा. एक पौंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही. दिवसभर खडी फोडणाऱ्याला! त्या दुष्काळात लाखो माणसं मेली. माणसं वाचवणाऱ्याला दोष दिला की पुढच्या वेळी तो हात आखडता घेतो.

म्हणून विचारतो, यशवंतरावांच्या देण्याचा खरा परिणाम कोणता? ज्यांच्या पोटात दाणा गेला ते जगले, हा. दुसरी गोष्ट मात्र हळू घडली. उपाशी माणसाला सरकारनं खायला घातलं पाहिजे, ही गोष्ट एका अधिकाऱ्याच्या काळजावर सोडायची नाही, हे कळायला आपल्याला फार वर्षं लागली. १८८० चा दुष्काळ आयोग झाला, त्यानंतर दुष्काळ संहिता आल्या. मग १९७२ चा दुष्काळ आला. तुमच्यापैकी साठी ओलांडलेल्यांना बहात्तरला वाटलेली सुकडी आणि लाल मिलो ज्वारी आठवत असेल. नालाबांधावर, पाझर तलावावर पाट्या वाहणाऱ्या बाया आठवत असतील. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना त्याच सुमारास महाराष्ट्रभर लागू झाली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. मागेल त्याला काम. पुढे २००५ मध्ये देशानं तसाच कायदा केला.

यशवंतरावांच्या किल्लीतून हा कायदा निघाला, असं म्हणणं खोटं ठरेल. पण सटाण्याच्या कचेरीच्या दारात बसलेल्यांना जे अवचित मिळालं, ते शंभरेक वर्षांनी मजुराला हक्कानं मागता आलं. दयेनं मिळालेल्या भाकरीला हात जोडावे लागतात. हक्काच्या भाकरीला हजेरीपटावर अंगठा पुरतो. मला दुसरी भाकरी अधिक मोलाची वाटते, आणि देवमामलेदारांनाही तीच वाटली असती.

तरीही कायदा झाला म्हणून माणसाचं काम संपलं नाही. हजेरीपट कुणीतरी भरावा लागतो, मजुरी कुणीतरी वेळेवर काढावी लागते. फाइलीवर ‘त्रुटी’ लिहिणारी आणि ‘मंजूर’ लिहिणारी लेखणी एकच असते. या सभेत सरकारी नोकरीतले बरेच जण असतील. तिजोरी उघडा असं मी तुम्हाला सांगणार नाही, आज त्याची गरजही नाही. नियमात जेवढी जागा आहे, तेवढी तरी अडलेल्या माणसाच्या बाजूनं वापरा. १८७०-७१ च्या दुष्काळातला कलेक्टर कोण होता, हे या घाटावर कुणालाही सांगता येणार नाही. मामलेदाराचं नाव मात्र रिक्षावाल्यालाही पाठ आहे.