अग्नी, ज्वर आणि विवेक

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आम्ही वैद्य नाही, डॉक्टर नाही. मॅट्रिक होऊन आयुष्यभर प्राथमिक शाळेत मुलांना शिकविले, एवढीच आमची पात्रता. तरीही वैद्यकासारख्या विषयावर बोलण्याचे धाडस आम्ही करीत आहोत, यास कारण घडले. गतवर्षीच्या संमेलनानंतर एका बंधूंनी आम्हास विचारले की, थंडी वाजून ताप आला असता चिनी लोक अंगावर औषधी वात पेटवितात, ती आपल्या घरी करून पाहावी काय? त्या वेळी आम्ही निरुत्तर झालो. पुढे वर्षभर जे वाचले व जाणत्यांना विचारून घेतले, ते आज आपल्या चरणी सादर करीत आहोत.

चीन देशात या उपचारास ‘जिउ’ म्हणतात. चिनी लिपीत हे अक्षर दोन भागांचे आहे. वर ‘दीर्घकाळ’ आणि खाली ‘अग्नी’. नावातच उपचाराची रीत सांगितली आहे. ‘आय’ नावाच्या वनस्पतीची पाने वाळवून, कुटून, चाळून त्यांचा कापसासारखा लोकर-भुगा करतात. त्याचे लहान शंकू वळून शरीरावरील ठराविक स्थानी ठेवतात, किंवा कागदात गुंडाळून वात करतात व ती त्वचेपासून थोड्या अंतरावर धरतात. कधी शंकूखाली आल्याची वा लसणीची चकती असते. बेंबीवर ठेवावयाचा असल्यास आधी बेंबीत मीठ भरतात. ‘आय’ ही आर्टेमिसिया प्रजातीतील वनस्पती. चैत्रात आपण देवास वाहतो तो सुवासिक दवणाही त्याच प्रजातीतला, हे ऐकून भगिनींना कौतुक वाटेल.

हा उपचार किती जुना? चांगशा शहराजवळ मावांगदुई येथे १९७३ साली एका प्राचीन थडग्यात रेशमी वस्त्रावर लिहिलेले ग्रंथ सापडले. ते थडगे इ. स. पूर्व १६८ मध्ये बंद झालेले होते. त्या ग्रंथांत शरीरातील अकरा वाहिन्यांचे वर्णन असून त्यांवर अग्नीचा उपचार सांगितला आहे. सुयांचा मात्र त्यात उल्लेख नाही. सुया व अग्नी मिळून होणाऱ्या या चिकित्सेस २०१० साली युनेस्कोने मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात स्थान दिले.

आता ज्वराकडे वळू. हान राजवंशाच्या अखेरीस झांग झोंगजिंग नावाचा एक वैद्य होऊन गेला. त्याने आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत सांगितलेली हकीकत आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेने अवश्य ऐकावी अशी आहे. त्याच्या कुळात दोनशेहून अधिक माणसे होती. इ. स. १९६ पासून दहा वर्षांच्या आत त्यांतील दोन-तृतीयांश माणसे मृत्युमुखी पडली, आणि मेलेल्या दहांपैकी सात शीतज्वराने गेली. या दुःखातून त्याने शीताघाताच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. कुळाच्या शोकातून निर्माण झालेला तो ग्रंथ आजही चिनी वैद्य अभ्यासतात.

त्या ग्रंथात अग्नीविषयी दोन्ही बाजू आहेत. रोगाची एक अवस्था अशी वर्णिली आहे की, दुखणे येऊन एकदोन दिवस झाले, तहान नाही, तोंडाची चव बिघडलेली नाही, परंतु पाठीत थंडी भरते. अशा वेळी आतील उष्मा क्षीण झाला असे समजून अग्नी द्यावा आणि बचनागाच्या जातीच्या मुळाचा काढा पाजावा, असे तो सांगतो. परंतु तोच ग्रंथकार अन्यत्र बजावतो की, नाडी बारीक आणि जलद चालत असेल तर चुकूनही अग्नी देऊ नये. तेथे अग्नीच रोग होऊन बसतो. ज्या माणसाने एवढी माणसे गमावली, त्याने उपायाबरोबर उपायाची मर्यादाही लिहून ठेवली, हे आम्हास फार मोलाचे वाटते.

पुढे चौथ्या शतकात गे होंग नावाचा पंडित झाला. ज्यांना वैद्य परवडत नाही अशा लोकांसाठी त्याने बाहीत बाळगता येईल असा उपचारांचा छोटा ग्रंथ रचला. अग्नीची स्थाने सांगताना त्याने अवघड नावे टाळून केवळ मापे दिली, जेणेकरून सामान्य माणसाला ती सापडावीत. त्याची पत्नी बाओ गू ही अग्नि-उपचारात निष्णात होती, अशी परंपरा आहे. ग्वांगझौ नगरात तिचे स्मरण अद्याप केले जाते. गे होंगच्या ग्रंथात उलटून उलटून येणाऱ्या हिवतापावर एक साधा योग आहे: ‘छिंगहाव’ ही वनस्पती मूठभर घ्यावी, पाण्यात भिजवावी, पिळावी आणि रस प्यावा. त्यात उकळण्याचा उल्लेख नाही.

सोळाशे वर्षांनी या एका वाक्याने जगाचे कल्याण केले. १९६७ साली चीनने हिवतापावर औषध शोधण्याचे कार्य हाती घेतले. त्यातील संशोधिका तू यूयू यांना वनस्पतीच्या अर्काने कधी गुण येई, कधी येत नसे. गे होंगचे वाक्य वाचून त्यांच्या ध्यानी आले की, उष्णतेने औषधाचा गुण नष्ट होत असावा. त्यांनी कमी तापमानात ईथरने अर्क काढला आणि १९७१ मध्ये तो प्राण्यांवर पूर्ण यशस्वी ठरला. मग त्यांनी तो प्रथम स्वतः घेऊन पाहिला. याच आर्टेमिसिनिन औषधासाठी त्यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. छिंगहाव हीदेखील आर्टेमिसिया प्रजातीतलीच. परंतु एका बहिणीचे काम दुसरी करीत नाही. आयची वात पेटवून हिवतापाचा जंतू मरत नाही.

असे का, हेही थोडक्यात सांगतो. हिवतापाचा जंतू रक्ताच्या तांबड्या पेशींत वाढतो व त्या फोडून बाहेर पडतो. त्या वेळी मेंदूतील तापनियंत्रक केंद्र शरीराची उष्णता वाढविण्याचा हुकूम देते. म्हणून अंग तापू लागले असतानाच माणसाला हुडहुडी भरते. बाहेरून ऊब दिली तर क्षणभर बरे वाटते, परंतु रक्तातील शत्रू तसाच राहतो.

बंधुभगिनींनो, हे सर्व आम्ही केवळ पांडित्यासाठी सांगत नाही. १९७६ साली आपल्या देशात हिवतापाने पुन्हा डोके वर काढले होते. त्या वर्षी चौसष्ट लाखांहून अधिक रोगी नोंदले गेले. त्या पावसाळ्यात आमच्या धाकट्या बहिणीस एक दिवसाआड थंडी वाजून ताप येऊ लागला. ती नऊ वर्षांची होती. पाणथरी वाढली असे घरातील वडीलधाऱ्यांनी ठरविले आणि डाग देणाऱ्यास बोलाविले. विळा चुलीत लाल झाला. बहिणीचे हात कोणी धरले? आम्ही धरले. आम्ही तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होतो, शास्त्राच्या पुस्तकात डासाचे चित्र पाहिले होते. तरी वडिलांपुढे शब्द फुटला नाही. ताप थांबला नाही. आठवड्याने हिवतापाचा कर्मचारी दारी आला, त्याने बोट टोचून काचेवर रक्त घेतले, गोळ्या दिल्या आणि ताप उतरला. डागाची जखम मात्र दोन महिने वाहत होती. ती बहीण आज या सभागृहात बसली आहे, आणि तिच्या अनुमतीनेच हे सांगत आहोत.

वडिलांचा दोष आम्ही काढीत नाही. त्यांच्या मनात माया होती. परंतु आपल्याच सुश्रुताने अग्निकर्म सांगताना बालक, वृद्ध, दुर्बळ आणि भित्रा यांना अग्नी देऊ नये असे लिहिले आहे. चीनमध्ये झांग झोंगजिंगने जी मर्यादा घातली, तशीच ती येथेही घातली होती. गावोगाव विळा तेवढा पोचला, मर्यादा वाटेत हरवली.

तेव्हा त्या बंधूंना आमचे उत्तर असे. चिनी वात ही आदरणीय परंपरा आहे. दुखऱ्या गुडघ्यास किंवा गारठलेल्या पाठीस जाणत्याच्या हातून कोणी शेक घेतला तर आमची हरकत नाही. परंतु थंडी वाजून ताप आला की त्याच दिवशी रक्ताची तपासणी करून घ्यावी आणि गोळ्यांचा क्रम पुरा करावा. लहान मुलाच्या अंगास विस्तव लावू नये. घरातील कोणी लावू लागल्यास तरुणांनी नम्रतेने, पण ठामपणे हात धरावा, तो मुलाचा नव्हे, विळ्याचा.

चिनी तत्त्वज्ञ मेन्सियस याने आयचाच दृष्टांत दिला आहे. सात वर्षांच्या दुखण्यास तीन वर्षे जुनी आय लागते. ज्याने ती आधी साठविली नाही, त्यास ती आयुष्यभर मिळणार नाही. ज्ञानाचेही तसेच आहे. ताप आल्यावर शोधू म्हटले तर वेळ निघून जाते. ते घराघरांत आधीच साठवून ठेवावे, याहून ज्ञातिसंस्थेचे मोठे कार्य कोणते?