सुटकेनंतरचा पहिला आठवडा



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी तुरुंगाचा विषय काढतो आहे, याबद्दल क्षमा असावी. परंतु या विषयात माझ्या हातून घडलेली एक चूक आहे आणि ती आपणांसमोर सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वी आमच्या दुकानात कापडाच्या गाठी उतरविणारा एक हमाल भांडणाच्या प्रकरणात न्यायालयीन कोठडीत गेला. तिसऱ्याच दिवशी त्याचा जामीन मंजूर झाला. पण ऐपतदार जामीनदार मिळेना, म्हणून आणखी पंधरा दिवस तो आतच राहिला. सुटल्यावर तो थेट दुकानात आला. दिवाळी तोंडावर होती, गाठी पायरीपर्यंत आल्या होत्या, तरी मी म्हणालो, "सध्या माणसाची गरज नाही." तो काही न बोलता निघून गेला आणि पुढे त्याने गावही सोडले. कालांतराने खटल्यात तो निर्दोष ठरला. न्यायालयाने न दिलेली शिक्षा मी दिली होती.

राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातील कैद्यांपैकी सुमारे ७५ टक्के कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले होते. दीर्घ शिक्षेच्या कैद्याला निदान तुरुंगात काम मिळते, थोडी मजुरी साठते. पंधरा दिवसांत ना कसब मिळते, ना पैसा. रोजगार आणि पत मात्र जाते. मोठ्या शहरात माणूस गर्दीत मिसळून जातो. करमाळ्यासारख्या गावी पुढच्या आठवडे बाजारापर्यंत बातमी घरोघर पोहोचलेली असते.

कायदा आपल्याहून उदार आहे. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाने योग्य प्रकरणी तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या पहिल्याच चोरीला, ऐवज परत केल्यास, समाजसेवेची शिक्षा आहे. जामिनाची रक्कम भरू न शकणाऱ्या गरीब कैद्यांसाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये साहाय्य योजना आणली. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून या क्षेत्रात कार्यरत आहे. परंतु सुटून आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी काम कोण देणार? ते कायद्याच्या हाती नाही. ते आपणा व्यापाऱ्यांच्या हाती आहे.

म्हणून विश्वस्त मंडळास माझी नम्र विनंती आहे. अशा कुटुंबास तालुका विधी सेवा समितीची वाट दाखवावी, सुटलेल्यास एस.टी.चे भाडे व आठवड्याचा शिधा द्यावा आणि आपल्यापैकी एकाने तरी त्याला काम द्यावे. पहिला नकार माणसाला गावाबाहेर काढतो, हे मी पाहिले आहे.

खाते चुकते झाले की आपण वहीत रेघ मारतो आणि त्याच गिऱ्हाइकाला पुन्हा माल देतो. मग माणसाचेच खाते आपण उघडे का ठेवावे? या वर्षी दिवाळीपूर्वी माझ्या दुकानात एका माणसाची जागा मी राखून ठेवली आहे.

जय जिनेंद्र.